पायथनमध्ये जीयूआय कशात करावं? टूलकिटच्या आधी स्वतःची सगळ्यात अवघड स्क्रीन बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकीचं समजलं असेल तर इथेच कळेल. तुम्ही दोनेक वर्षं पायथन लिहिताय. मापन यंत्रातून निघणाऱ्या सीएसव्ही फाइल वाचून रिपोर्ट काढणारी स्क्रिप्ट तयार आहे, ती व्यवस्थित चालते, पण बरोबरच्या मंडळींना त्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची धास्ती वाटते, म्हणून आता बटणं, टेबल, ग्राफ असं सगळं असलेलं अ‍ॅप हवंय. एकेका फाइलमध्ये दोन-तीन लाख ओळी. मशीन बहुतेक विंडोजची, एक मॅक, आणि तिथे इंटरनेट नाही. पुढेमागे अ‍ॅप बाहेर विकायचाही विचार आहे. आणि मग प्रश्न, की जीयूआयच्या (विंडो-बटणांच्या) टूलकिटपैकी, म्हणजे ते बनवायच्या तयार लायब्ररींपैकी, टिकिंटर, पायक्यूटी, किवी की वेबचा एखादा प्रकार, यातलं बेस्ट कुठलं.

'बेस्ट असं काही नसतं' हे उत्तर तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल आणि त्याचा काही उपयोग झाला नसेल, म्हणून मी निवड सांगूनच सुरुवात करतो. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून मी पायसाइड ६ घेईन (पायक्यूटीसारखाच, क्यूटी हे टूलकिट पायथनमधून वापरायचा मार्ग). पण दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या वेगळ्या निघाल्या तर माझं उत्तर बदलेल, आणि त्या तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत, त्यामुळे नुसतं नाव घेऊन पुढे जाऊ नका, कारण पण वाचा.

टूलकिटची तुलना करणारे व्हिडिओ बघा, सगळ्यांत तेच असतं, एक विंडो, एक बटण, बटण दाबलं की 'हॅलो'. ते कशातही होतं हो. बटण, मेनू, टेक्स्ट बॉक्स यात सगळी टूलकिट जवळपास सारखीच आहेत, फरक पडतो तो तुमच्या अ‍ॅपमधल्या सगळ्यात अवघड स्क्रीनवर आणि ते अ‍ॅप दुसऱ्याच्या मशीनवर पोचवताना. म्हणून मी कुठल्याही नव्या कामात आधी विचारतो की यातली सगळ्यात अवघड स्क्रीन कुठली, आणि फक्त तेवढीच स्क्रीन, ओबडधोबड का होईना, दोन टूलकिटमध्ये करून बघतो. लॉगिनची विंडो किंवा सेटिंगची विंडो करून काहीच कळत नाही. तुमच्या बाबतीत ती स्क्रीन म्हणजे तीन लाख ओळींचं टेबल, आणि फाइल वाचली जात असताना विंडो न गोठणं.

आता टेबलापासूनच सुरू करू, कारण खरी मेख तिथेच आहे.

टिकिंटरमध्ये टेबल म्हणून जे वापरतात ते म्हणजे ट्रीव्ह्यू. त्याला प्रत्येक ओळ आधी द्यावी लागते, तो प्रत्येक ओळीसाठी आत एक आयटम तयार करतो. काही हजार ओळींपर्यंत कळतही नाही. लाखांत गेलात की भरायलाच वेळ लागतो, मेमरी फुगते, आणि सॉर्ट करायला गेलात तर परत सगळं हलवाहलवी. 'मला दिसतंय तेवढंच विचार' असं सांगायची सोय त्यात नाही, ती तुम्हाला स्वतः पेजिंग करून बनवावी लागते.

क्यूटीमध्ये दोन प्रकार आहेत आणि नवीन लोक हमखास चुकीचा उचलतात. क्यू-टेबल-विजेट नावाचा सोपा प्रकार आहे, त्यातही प्रत्येक सेलसाठी एक आयटम बनतो, म्हणजे तीन लाख ओळी गुणिले दहा कॉलम, तीस लाख ऑब्जेक्ट. तो वापरून मग लोक म्हणतात क्यूटी स्लो आहे. दुसरा प्रकार क्यू-टेबल-व्ह्यू, त्याच्यामागे तुम्ही स्वतःचं मॉडेल लावायचं. मॉडेलने फक्त तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: ओळी किती, कॉलम किती, आणि अमुक ओळीच्या अमुक कॉलममध्ये काय आहे. स्क्रीनवर चाळीस ओळी दिसत असतील तर व्ह्यू साधारण तेवढ्याच सेलची विचारणा करतो, बाकीचा डेटा तुमच्या पांडाज या लायब्ररीच्या डेटाफ्रेममध्ये, म्हणजे मेमरीतल्या तक्त्यात, जसा आहे तसा पडून राहतो. पंचवीस-तीस ओळींचा कोड आहे, घाबरण्यासारखं काही नाही, आणि तीन लाख काय तीस लाख ओळींनाही स्क्रोल तितकंच हलकं चालतं.

इथे एक खाचखळगा आहे तो सांगतो, कारण हा ट्यूटोरियलमध्ये सहसा येत नाही. फिल्टर करण्यासाठी क्यूटीमध्ये प्रॉक्सी मॉडेल म्हणून तयार सोय आहे, आणि त्यातलं 'ही ओळ ठेवू का' असं विचारणारं फंक्शन पायथनमध्ये स्वतः लिहिता येतं. छान दिसतं. पण मग प्रत्येक ओळीसाठी क्यूटी ज्यात लिहिलंय त्या सी-प्लस-प्लस मधून पायथनमध्ये एक फेरी होते, आणि तुम्ही शोधबॉक्समध्ये एकेक अक्षर टाइप करताय आणि दर अक्षराला तीन लाख फेऱ्या! त्यापेक्षा फिल्टर पांडाजमध्येच करा, तिथे ते एका झटक्यात होतं, आणि मॉडेलला सांगा की डेटा बदलला, रीसेट हो. शिवाय ओळींची उंची मजकुराप्रमाणे आपोआप ठरवायचा मोह टाळा, त्यासाठी त्याला सगळ्या ओळी मोजाव्या लागतात आणि मग वरची सगळी मेहनत वाया.

आता माझं उत्तर बदलू शकेल अशी पहिली गोष्ट. तुमच्या लोकांना खरंच तीन लाख ओळी बघायच्या आहेत का? माझा अनुभव असा की कोणीच तेवढ्या ओळी वाचत नाही, लोकांना मर्यादेबाहेर गेलेली रीडिंग हवी असतात, किंवा एका तारखेची, किंवा फक्त शेवटचा रिपोर्ट. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला वाटतं की सगळं दिसायला हवं, वापरणाऱ्याला तसं काही वाटत नसतं. त्यांना जाऊन विचारा. उत्तर 'फाइल निवडायची, दोन तारखा टाकायच्या, रिपोर्ट काढायचा' एवढंच निघालं तर टिकिंटर पुरे, आणि मी तुम्हाला तेच घ्या म्हणेन, क्यूटीच्या नादी लागू नका.

टिकिंटरला लोक उगाच नावं ठेवतात. जुनं आहे हे खरंय, टीके हे टूलकिट १९९० च्या आसपासचं, जॉन ऑस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेसोबत आलेलं, आणि आजही तुम्ही टिकिंटरची विंडो उघडता तेव्हा आत एक टीसीएलचा इंटरप्रिटर चालू असतो. त्याचं ते नव्वदीतलं करड्या रंगाचं रूप लोकांच्या डोक्यात बसलंय, पण २००७ च्या ८.५ आवृत्तीपासून टीटीके नावाचे थीमवाले विजेट (बटण, बॉक्स असे विंडोतले घटक) आहेत, ते वापरले तर विंडोज आणि मॅकवर बऱ्यापैकी बरं दिसतं. पायथनबरोबरच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही (लिनक्सच्या काही वितरणांत वेगळं पॅकेज घ्यावं लागतं, तेवढं सोडून), लायसन्सची कटकट नाही, पॅक केल्यावर फाइल लहान. पाच-सहा इनपुट आणि दोन बटणं असलेल्या कामाला मी आजही तेच काढतो. फक्त ते विंडोजवर धूसर दिसतंय असं वाटलं तर घाबरू नका, डीपीआयची (स्क्रीनच्या पिक्सेल-घनतेची) जाणीव असल्याचं विंडोजला सांगणारी एक ओळ सीटाइप्स या पायथनच्या मॉड्यूलमधून टाकावी लागते, क्यूटी ६ मध्ये ते आपोआप होतं.

समजा टेबल हवंच आहे, तर मग पायक्यूटी की पायसाइड? हे दोन्ही एकाच क्यूटीवरचे पायथनचे पूल आहेत आणि कोड नव्वद टक्के सारखाच असतो, सिग्नलचं नाव वेगळं, इम्पोर्टची ओळ वेगळी, असे किरकोळ फरक. दोन का आहेत याचं कारण लायसन्स. क्यूटी मूळ ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीचं, पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९५ ची. २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक घेतली, आणि २००९ मध्ये क्यूटी एलजीपीएल या सैल अटींच्या मुक्त लायसन्सखाली पण उपलब्ध केलं. पायक्यूटी मात्र रिव्हरबँक या वेगळ्या कंपनीचं होतं आणि ते जीपीएल हे कडक अटींचं मुक्त लायसन्स किंवा विकतचं लायसन्स या दोनच पर्यायांवर राहिलं, म्हणून नोकियाने त्याच साली पायसाइड सुरू केलं. आज पायसाइड ६ हे क्यूटी कंपनीचं स्वतःचं अधिकृत बाइंडिंग आहे.

याचा तुमच्याशी संबंध असा, की पायक्यूटी फुकटात वापरून अ‍ॅप बाहेर दिलंत तर ज्यांना दिलंत त्यांना सोर्सही जीपीएल खाली द्यावा लागतो, नाहीतर रिव्हरबँककडून व्यावसायिक लायसन्स घ्यायचं. नुसतं ऑफिसच्या आत वापरायचं असेल तर प्रश्न येत नाही. पण तुम्ही स्वतःच म्हणताय पुढेमागे विकायचंय, मग पहिल्या दिवसापासून पायसाइड घ्या ना, नंतर बदलत बसण्यापेक्षा. एलजीपीएलमध्ये तुमचा कोड बंद ठेवता येतो, अटी म्हणजे लायसन्सचा मजकूर सोबत द्यायचा, क्यूटी वापरलंय हे सांगायचं, आणि वापरणाऱ्याला क्यूटीची लायब्ररी बदलून दुसरी टाकता आली पाहिजे. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पॅकेजिंगमध्ये परत येणारे. आणि मी वकील नाही, खरंच पैसे घेऊन विकायची वेळ आली की एकदा जाणकाराला दाखवून घ्या. क्यूटीचे काही मॉड्यूल फक्त जीपीएल किंवा व्यावसायिक असे आहेत, उदाहरणार्थ क्यूटी चार्ट्स बरीच वर्षं तसंच होतं, त्यामुळे ग्राफसाठी मी ते धरतच नाही.

लायसन्सवरून आठवलं, पायसिंपलगुई नावाची एक लायब्ररी खूप लोकप्रिय होती, टिकिंटर-क्यूटीवरचं सोपं आवरण, दहा ओळींत विंडो. २०२४ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर त्यांनी लायसन्स बदलून व्यावसायिक केलं आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या खूप जणांची पळापळ झाली. करणाऱ्यांचा हक्क आहे तो, माझी तक्रार नाही, पण तेव्हापासून आवरणावरचं आवरण घेताना मी आधी बघतो की त्याच्या मागे किती लोक आहेत आणि उद्या ते गेलं तर खालचं टूलकिट मला थेट वापरता येईल का.

दुसरी अवघड गोष्ट, विंडो गोठणं. हे कुठलंही टूलकिट घ्या, प्रश्न तोच राहतो, त्यामुळे कारण नीट समजून घ्या. जीयूआय प्रोग्रॅममध्ये इव्हेंट लूप असतो, तो म्हणजे काउंटरवरचा एकटा कारकून: क्लिक आला, हाताळ, विंडो परत रंगवायची आहे, रंगव, की दाबली, हाताळ. तुम्ही बटणाच्या फंक्शनमध्ये वीस सेकंद फाइल वाचत बसलात की तेवढा वेळ बाकी सगळी रांग खोळंबते, आणि विंडोज वर 'प्रतिसाद देत नाही' असं लिहून टाकतं, मग माणूस वैतागून अ‍ॅप बंद करतो आणि तुमच्याकडे येऊन म्हणतो की बिघडलंय. याकोब नील्सन या युजेबिलिटी तज्ज्ञांनी १९९३ मध्ये जे आकडे मांडले ते मी अजून वापरतो: ०.१ सेकंदाच्या आत झालं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांपुढे माणसाचं लक्ष उडतं, तिथे प्रोग्रेस बार आणि रद्द करायचं बटण हवंच.

उपाय म्हणजे जड काम दुसऱ्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यात. पण नियम एकच आणि तो मोडायचा नाही: विजेटला हात फक्त मुख्य थ्रेडनेच लावायचा. क्यूटीमध्ये वर्करमधून सिग्नल सोडला की तो रांगेतून मुख्य थ्रेडला मिळतो, हे खूप सोयीचं आहे. टिकिंटरमध्ये क्यू (निरोपांची रांग) ठेवायची आणि आफ्टर हे फंक्शन वापरून दर शंभर मिलिसेकंदांनी त्यात डोकावायचं, चालतं, फक्त हाताने करावं लागतं. दुसऱ्या थ्रेडमधून सरळ लेबल बदललं तर तुमच्या मशीनवर कदाचित दहा वेळा चालेल आणि अकराव्यांदा दुसऱ्याच्या मशीनवर काही न सांगता अ‍ॅप बंद पडेल, असले बग शोधण्यात दिवस जातात.

पायथनचं जीआयएलचं लफडंही इथे येतं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देणारं कुलूप. पांडाजचं सीएसव्ही वाचणारं सी-इंजिन वाचताना जीआयएल सोडतं, म्हणून थ्रेड पुरतो. पण तुमची स्क्रिप्ट शुद्ध पायथनच्या फॉर-लूपमध्ये ओळीमागून ओळ गणित करत असेल तर थ्रेडमध्ये टाकूनही विंडो अडखळेल, तेव्हा एकतर ते गणित नमपाय-पांडाजच्या भाषेत लिहा नाहीतर मल्टिप्रोसेसिंग (काम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणं) वापरा. आणि मल्टिप्रोसेसिंग वापरलंत तर मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच फ्रीझ-सपोर्टची ओळ घाला. ती नसेल तर पॅक केलेलं अ‍ॅप विंडोजवर उघडताना स्वतःच्याच नव्या विंडो उघडत सुटतं, बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आला.

ग्राफबद्दल फार नाही. रिपोर्टमध्ये छापायचा ग्राफ मॅटप्लॉटलिबचा ठेवा, तो टिकिंटर आणि क्यूटी दोन्हीत बसतो. पण स्क्रीनवर झूम करत, सरकवत बघायचा आणि लाखो बिंदू असतील तर पायक्यूटीग्राफ घ्या, नावात पायक्यूटी असलं तरी पायसाइडवर चालतं, लायसन्स एमआयटी, आणि दिसत नाहीत ते बिंदू गाळायची, विरळ करून दाखवायची सोय आतच आहे.

बाकीचे पर्याय आता भराभर. किवी हे फोन आणि टचसाठी, सगळं ओपनजीएलने स्वतः रंगवतं, त्यामुळे डेस्कटॉपवर ते परकं वाटतं, तुम्हाला फोन नकोय तर त्याचं काही काम नाही. डिअर-पायगुई वेगवान आहे, स्वतःसाठीची डीबग टूल, प्रयोग, यासाठी मजा येते, ऑफिसातल्या माणसाच्या हाती द्यायला नाही. डब्ल्यूएक्स-पायथन मात्र उगाच विसरलं जातं. ते ज्या त्या सिस्टिमचेच खरे कंट्रोल वापरतं, लाखो ओळींसाठी व्हर्च्युअल लिस्टची सोयही त्यात आहे, आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणारं कोणी तुमच्याकडे असेल तर मी आधी तिकडेच बघेन, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरचा स्वतःचा इंटरफेस डब्ल्यूएक्स-पायथनमध्येच आहे यावरून काय ते समजा. टिकिंटर याबाबतीत कायम लंगडं राहिलंय, क्यूटी ठीक आहे पण तपासून घ्यावं लागतं. मला तरी डब्ल्यूएक्सचं सध्याचं साहित्य आणि उदाहरणं क्यूटीच्या मानाने कमी सापडतात, अडलं की उत्तर शोधायला वेळ लागतो, एवढ्यासाठीच ते माझ्या यादीत दुसरं.

वेबवाल्या प्रकारावर जरा थांबू, कारण माझं उत्तर बदलणारी दुसरी गोष्ट इथे आहे. इंटरनेट नाही म्हणून वेब नाही, असं नसतं. सर्व्हर त्याच मशीनवर चालतो, ब्राउझर त्याच मशीनवरचा, बाहेर जायचं कारणच नाही, फक्त पानात कुठे बाहेरून येणारी स्क्रिप्ट किंवा फाँट नाही ना एवढं नेटवर्क काढून तपासा. आणि तुमची सगळी मशीन एकाच लोकल नेटवर्कवर असतील तर गणितच बदलतं: अ‍ॅप एका मशीनवर ठेवा, बाकीचे ब्राउझरमधून उघडतील, मॅकवाल्याचा प्रश्न सुटला, इन्स्टॉलर नाही, अपडेट एकाच जागी. तसं असेल तर मी नाइसगुई (ब्राउझरमधला इंटरफेस पायथनमध्ये लिहायची लायब्ररी) किंवा तत्सम काही बघेन. स्ट्रीमलिटही चालेल पण त्याची पद्धत अशी आहे की काहीही बदललं की सगळी स्क्रिप्ट वरून खालपर्यंत परत चालते, मोठी फाइल असेल तर कॅशे नीट लावावा लागतो नाहीतर दर क्लिकला फाइल परत वाचली जाते. मात्र मशीन एकमेकांना जोडलेली नसतील, प्रत्येकावर वेगळं टाकायचं असेल, तर वेब सर्व्हर, पायथन, ब्राउझर हे सगळं एका एक्झीमध्ये कोंबणं हे क्यूटीपेक्षा जास्त त्रासाचं आहे, तिथे वेबचा सगळा फायदा निघून जातो.

मजकूर देवनागरीत, किंवा अरबीसारख्या दुसऱ्या जोडलिपीत दाखवायचा असेल तर हा मुद्दा सोडू नका. अशा लिपीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही, र्‍हस्व इकार मागे जातो, रफार वर जातो, जोडाक्षरं जुळतात, याला शेपिंग लागतं. क्यूटी आणि जीटीके (आणखी एक टूलकिट) ते नीट करतात, दोन्हींच्या खाली हार्फबझ ही शेपिंग करणारी लायब्ररी आहे. टिकिंटर विंडोज आणि मॅकवर सिस्टिमकडून करून घेतं, लिनक्सवर मात्र गडबड होते. डिअर-पायगुईत शेपिंग नाहीच, किवीतही नेहमीच्या सेटअपमध्ये भरवसा नाही. 'कर्तृत्व', 'हृद्य', 'शिष्ट्या' असले शब्द लेबलमध्ये आणि टाइप करायच्या बॉक्समध्ये दोन्हीकडे टाकून बघा, कर्सर पुढे-मागे नेऊन बघा, एका मिनिटात कळतं.

आता पॅकेजिंग, ज्याचा विचार सगळे शेवटी करतात आणि मी म्हणतो पहिल्या दिवशी करा. रिकामी विंडो, त्यात एक लेबल, एवढ्यावरच पायइन्स्टॉलर (स्क्रिप्ट पायथनसकट पॅक करणारं टूल) चालवा आणि जे निघेल ते अशा मशीनवर नेऊन उघडा जिथे पायथन कधीच नव्हतं. तुमच्या मशीनवर चाललं याला काही अर्थ नाही, तिथे सगळंच टाकलेलं असतं. पायइन्स्टॉलर एका सिस्टिमवर बसून दुसरीचं अ‍ॅप बनवत नाही, विंडोजचं विंडोजवर, मॅकचं मॅकवर, म्हणजे तो एकुलता मॅक तुम्हाला बांधणीसाठीही लागणार. मॅकमध्ये इंटेल की अ‍ॅपलची चिप हेही बघा, आणि बाहेर विकणार असाल तर अ‍ॅपलचं साइनिंग आणि नोटरायझेशन लागेल, ते नसेल तर उघडणाऱ्याला भीतीदायक इशारा येतो.

एक-फाइल की फोल्डर? सगळ्यांना एकच एक्झी हवी असते, दिसायला सुटसुटीत. पण ती दर वेळी उघडताना आतला सगळा पसारा तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडते, त्यामुळे सुरू व्हायला वेळ, आणि अँटीव्हायरसला हे वागणं संशयास्पद वाटतं, चांगल्या अ‍ॅपला उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. मी फोल्डरच देतो आणि वरून साधा इन्स्टॉलर लावतो. एलजीपीएलची ती मघाची अट पण फोल्डरमध्ये सरळ पाळली जाते, क्यूटीच्या डीएलएल समोर दिसतात, ज्याला बदलायच्या तो बदलेल. आकाराची तयारी ठेवा, पायसाइडचं अ‍ॅप पांडाज वगैरे धरून शंभर एमबीच्या पुढे सहज जातं. पायसाइडचं पूर्ण पॅकेज न घेता इसेन्शियल्स घेतलं तर बराच भार कमी होतो, वेब-इंजिनसारख्या अवजड गोष्टी त्यात नसतात. पेन ड्राइव्हवरून द्यायचंय तर शंभर एमबीचं कोणाला काय पडलंय म्हणा.

आणि माझं उत्तर बदलणारी तिसरी गोष्ट, बहुधा तुम्ही गृहीत धरलेली: विंडोज म्हणजे कुठली? मापन यंत्रांना जोडलेली मशीन वर्षानुवर्षं कोणी हलवत नाही, यंत्राचा ड्रायव्हर जुन्यावरच चालतो म्हणून. क्यूटी ६ ला विंडोज १० पासून पुढचं लागतं. पायथन ३.९ पासून विंडोज ७ चा आधार गेला, ३.८ हीच शेवटची चालणारी, आणि तिलाही आता अपडेट येत नाहीत. एखादं मशीन विंडोज ७ वर असेल तर पायथन ३.८ आणि क्यूटी ५.१५, म्हणजे पायसाइड २, असं मागे जावं लागेल, किंवा टिकिंटर, किंवा शहाणपणाचं म्हणजे त्या मशीनवर फक्त फाइल काढायची आणि अ‍ॅप दुसऱ्या नव्या मशीनवर चालवायचं.

कोडच्या मांडणीबद्दल एवढंच, की तुमची आत्ताची स्क्रिप्ट मोडून जीयूआयच्या फाइलमध्ये ओतू नका. वाचणं, तपासणं, गणित, रिपोर्ट हे सगळं वेगळ्या मॉड्यूलमध्ये राहू द्या ज्यात पायसाइडचं इम्पोर्टच नाही, विंडो फक्त त्यातली फंक्शन बोलावेल. कमांड लाइनवरून ते तसंच चालत राहिलं पाहिजे, ही साधी कसोटी. मग टेस्ट लिहिणं सोपं जातं, आणि उद्या खरंच वेबकडे जावंसं वाटलं तर विंडोचा भागच बदलायचा. डिझायनर (विंडो माउसने मांडायचं क्यूटीचं टूल) वापरायचा की हाताने लिहायचं हे तुमच्या आवडीवर, मी डायलॉगसाठी डिझायनर आणि मुख्य विंडो हाताने असं करतो, फक्त दोन्हीकडे लेआउट वापरा, बटणं पिक्सेल मोजून ठेवलीत तर दुसऱ्या स्क्रीनवर पहिल्याच दिवशी एकमेकांवर चढतील.

तर क्रम असा धरा: आधी लोकांना विचारा की टेबलात ते काय शोधतात, मशीनच्या आवृत्त्या आणि लोकल नेटवर्क आहे का ते बघा, मग रिकामं अ‍ॅप पॅक करून सगळ्यात जुन्या मशीनवर उघडा, मग टेबलची स्क्रीन खऱ्या तीन लाखांच्या फाइलवर, बाकी बटणं-मेनू त्यानंतर. पहिल्या दोन गोष्टींची उत्तरं इथे टाकलीत तर पायसाइड, टिकिंटर की ब्राउझर हे पक्कं सांगता येईल, आणि पायसाइडच निघालं तर डेटाफ्रेमवरचं ते छोटं मॉडेल कसं लिहायचं ते कोडसकट देतो.